वृद्धाश्रमात साथ शिरली तर: आधीची तयारी आणि पहिल्या चोवीस तासांचा क्रम

रात्री साडेअकराला एका आजींना उलटी झाली. ड्युटीवरच्या मावशींनी फरशी पुसली, हात पदराला पुसले आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींनी पाणी मागितलं म्हणून त्यांना पाजलं. दुसऱ्या रात्री त्या आजींना जुलाब सुरू झाले. "सकाळी डॉक्टर येतील तेव्हा बघू," असं आम्ही ठरवलं. पाचव्या दिवशी चौदा जण अंथरुणात होते आणि दोघांना सलाइनसाठी रुग्णालयात हलवावं लागलं होतं. त्या वृद्धाश्रमात मी परिचारिका होते. कपाटात हातमोजे, मास्क, सॅनिटायझर, सगळं होतं. रात्री कोणी काय करायचं, हे मात्र कोणीच ठरवलेलं नव्हतं.

त्यानंतर मी आणखी तीन ठिकाणी काम केलं आणि चुका त्याच त्या दिसल्या. खरेदी भरपूर, नेमणुका शून्य. रिपोर्ट येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. नातेवाइकांना फाटकाबाहेर थांबवायचं आणि कणकण असलेल्या कर्मचाऱ्याला आत कामाला घ्यायचं. म्हणून हा लेख. आपल्याकडे लहान खासगी रुग्णालयालाही नर्सिंग होम म्हणतात, पण इथे विषय आहे तो वृद्धाश्रमांचा आणि अंथरुणावरच्या वृद्धांना सांभाळणाऱ्या शुश्रूषा केंद्रांचा. वीस-तीस खाटांचं घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. औषधं आणि त्यांचे डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

टप्पा १: प्रत्येक आजी-आजोबांचं एक पान

साथ नसताना, माणूस बरा असताना हे पान भरायचं. त्यावर काय हवं:

- नेहमीचं तापमान, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन. तीन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी मोजलेले आकडे.
- चालणं-बोलणं नेहमी कसं असतं. "काठी घेऊन स्वतः संडासला जातात", "संध्याकाळी थोडं बरळतात" अशा साध्या वाक्यांत.
- चालू औषधं, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, कशाची ॲलर्जी.
- दोन नातेवाइकांचे फोन. परदेशातल्या मुलाचा एक आणि अर्ध्या तासात पोहोचू शकेल अशा माणसाचा एक.
- तब्येत बिघडली तर कुठल्या रुग्णालयात न्यायचं आणि निर्णय कोण घेणार.

शेवटच्या मुद्द्यावर बोलायला सगळेच टाळाटाळ करतात. पण रात्री दोन वाजता तीन भावंडांचे तीन सल्ले फोनवर ऐकत बसण्यापेक्षा हे आधी विचारून सही घेतलेली बरी.

नेहमीचे आकडे का हवेत? कारण म्हातारपणी मोठा संसर्ग असूनही ताप चढेलच असं नाही. तोंडात थर्मामीटर ठेवून १०० फॅरनहाइटच्या वर गेलं, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन अंशांनी वाढलं, की ताप समजायचा. ज्या आजींचं तापमान एरवी ९६.८ असतं, त्यांचं ९९ म्हणजे ताप आहे. पान नसेल तर हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

*तपासा:* हे पान रात्रपाळीच्या मावशींना दोन मिनिटांत सापडतं का? ऑफिसच्या संगणकात असेल तर ते नसल्यातच जमा.

टप्पा २: लसी, पावसाळ्याआधी

महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात उसळतो आणि पुन्हा थंडीच्या शेवटाला डोकं वर काढतो. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे जूनच्या अखेरीस आठवण होऊन उपयोग नाही, मेमध्येच उरका. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. न्यूमोनियाच्या लसीबद्दल प्रत्येकाच्या डॉक्टरांना एकदा विचारून पानावर नोंद करा.

*नेहमीची चूक:* फक्त वृद्धांना लस देणं. मावशी, ब्रदर, स्वयंपाकी, ड्रायव्हर, वॉचमन यांनाही द्या, संस्थेच्या खर्चाने.

टप्पा ३: वेगळी खोली आजच ठरवा

साथीत "एखादी खोली रिकामी करू" असं म्हणणारे लोक चार तास खोलीच शोधत असतात. खोली निवडताना तीन गोष्टी बघा. ती मार्गिकेच्या टोकाला असावी, तिला स्वतःचा संडास असावा आणि बाहेर उघडणारी खिडकी असावी. स्वयंपाकघरातून किंवा देवघराच्या हॉलमधून वाट जात असेल तर ती खोली बाद.

आता हवेची परीक्षा. खोलीचं दार बोटभर उघडं ठेवा, फटीशी पेटती उदबत्ती धरा आणि धूर कुठे वळतो ते बघा. धूर खोलीत ओढला जाऊन खिडकीवाटे बाहेर गेला पाहिजे. तो मार्गिकेत येत असेल तर खोलीच्या खिडकीत बाहेरच्या तोंडाने एक्झॉस्ट पंखा बसवा आणि पुन्हा बघा. श्वासातून पसरणाऱ्या आजारात एवढ्या एका गोष्टीने मोठा फरक पडतो. दोन खोल्यांत मिळून चालणारा एसी साथीत बंद ठेवायचा.

मग एक रंगीत तालीम करा. एक खाट खरोखर त्या खोलीत नेऊन बघा. एका ठिकाणी खाट दारातून जातच नव्हती, हे आम्हाला तालमीतच कळलं. चौकट बदलायला सुतार बोलवावा लागला, आणि तेव्हा तो बोलवायला वेळ होता.

टप्पा ४: माणसांची व्यवस्था

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायला हवा. अंथरुणावरचे आजोबा स्वतः उठून कोणाकडे जात नाहीत. त्यांच्यापर्यंत रोग चालत येतो तो आपल्या पायांनी. एका पाळीत एक मावशी दहा जणांना उठवते, पुसते, डायपर बदलते, भरवते. सोबत तिचा खिशातला मोबाइल, रक्तदाबाच्या यंत्राचा तोच पट्टा, केसांचा तोच कंगवा आणि टाल्कम पावडरचा तोच डबा खाटेखाटेवर फिरत असतो.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंड गावात २०२० च्या फेब्रुवारीत एका नर्सिंग होममध्ये कोविड शिरला. तपासात जी कारणं पुढे आली त्यांत दोन ठळक होती: कर्मचारी लक्षणं असताना कामावर येत होते, आणि काही जण एकापेक्षा जास्त ठिकाणी काम करत होते. आपल्याकडेही ब्यूरोमार्फत येणाऱ्या मावशी सकाळी एका घरी आणि रात्री वृद्धाश्रमात असतात. त्यांना दोष देऊ नका. एका पगारात भागत नाही म्हणून त्या दोन कामं करतात.

क्रमाने हे ठरवा:

1. आजारपणाची भरपगारी रजा. ताप, खोकला, उलटी, जुलाब, अंगावर पुरळ यांपैकी काहीही असेल तर घरी राहायचं आणि त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही, हे लेखी द्या आणि भिंतीवर लावा. ज्यांचा खाडा कापला जातो त्या मावशी क्रोसिन घेऊन कामावर येतात. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.
2. दोन गट. साथ आली की आजारी माणसांकडे कोण जाणार, त्यांची नावं तिन्ही पाळ्यांसाठी आजच लिहा. हा गट निरोग्यांकडे जाणार नाही आणि स्वयंपाकघरात तर पाऊलही टाकणार नाही. रात्री एकच मावशी असेल तर आधी निरोग्यांचं काम उरकायचं, मग आजाऱ्यांचं. उलट फेरी मारायची नाही.
3. बदली माणसं. साथीत चार-पाच कर्मचारी एकाच वेळी आजारी पडतात. बदलीची नावं आणि फोन तयार ठेवा. जेवण बाहेरून आणायची वेळ आली तर डबा कोण देईल तेही विचारून ठेवा.
4. रात्रीचा निर्णय कोणाचा. व्यवस्थापकांना न विचारता रुग्णाला वेगळ्या खोलीत हलवण्याचा आणि १०८ ला फोन करण्याचा अधिकार रात्रपाळीच्या माणसाला लेखी द्या.

*थांबा:* गरोदर किंवा कॅन्सर, मधुमेहासारखा आजार असलेल्या कर्मचाऱ्याला आजाऱ्यांच्या गटात टाकू नका.

टप्पा ५: साथीची पेटी आणि क्लोरीनचं पाणी

मोठं झाकण असलेली एक पेटी घ्या. तीत हातमोजे, सर्जिकल मास्क, काही एन-९५, प्लास्टिकचे एप्रन, डोळ्यांचा चष्मा, दोन थर्मामीटर, एक ऑक्सिमीटर, वेगळं रक्तदाबाचं यंत्र, ओआरएस, कचऱ्याच्या जाड पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं आणि सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक) ठेवा. तीन रुग्णांना पाच दिवस पुरेल इतकं सामान पुरे. हातमोजे मोजताना प्रत्येक रुग्णामागे दिवसाला दहा-बारा जोड्या धरा, कारण दर स्पर्शानंतर जोडी बदलायची असते. आजाऱ्यांचा कंगवा, भांडी, बेडपॅन, टीव्हीचा रिमोट वेगळे.

हायपोक्लोराइटच्या प्रमाणात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर:

- खाटेच्या कडा, कड्या, नळ, कमोड यांसाठी: १ लिटर पाण्यात २० मिलिलिटर. हे झालं ०.१ टक्का.
- उलटी, शौच, रक्त सांडलं असेल तिथे: १ भाग हायपोक्लोराइट, ४ भाग पाणी. हे झालं १ टक्का.

आधी साबणाच्या पाण्याने मळ काढायचा (सांडलेल्या उलटीचा क्रम वेगळा, तो टप्पा ८ मध्ये आहे), मग हे पाणी लावून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. लगेच पुसून टाकलं तर मेहनत वाया गेली. पाणी रोज ताजं करा, कारण उन्हात आणि उघड्यावर ते कमजोर होतं.

*थांबा:* हायपोक्लोराइट आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो, आणि छोट्या बंद संडासात तो जीवघेणा ठरू शकतो.

पंप पाठीला लावून खोल्यांमध्ये फवारणी करून घेण्यात अनेक संस्था पैसे घालवतात. फवाऱ्याने पृष्ठभाग नीट स्वच्छ होत नाही आणि दम्याच्या रुग्णांना त्रास मात्र होतो. तेच पैसे आणखी एका सफाई मावशीच्या पगारावर खर्च करा.

टप्पा ६: साथ ओळखायची कशी

सकाळच्या चहाच्या वेळी रोज प्रत्येकाची नोंद करा. म्हातारपणी संसर्गाची सुरुवात बऱ्याचदा अशी दिसते: अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, नेहमी चालणारं माणूस पडणं, चहा नको म्हणणं, अंथरुणात लघवी होणं, दिवसभर झोपून राहणं. "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

दोन आकडे लक्षात ठेवा. तीन दिवसांच्या आत दोघांना ताप-खोकला, किंवा दोन दिवसांच्या आत दोघांना उलट्या-जुलाब झाले तर साथ सुरू झाली असं समजूनच कामाला लागायचं. नंतर साधं अपचन निघालं तर दोन दिवसांची धावपळ झाली, एवढंच.

ऑक्सिजन ९४ च्या खाली आला, नेहमीपेक्षा तीन अंकांहून जास्त उतरला किंवा श्वास मिनिटाला २५ च्या पुढे गेला तर त्याच वेळी डॉक्टरांना फोन. बोट गार असेल, नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर ऑक्सिमीटर चुकतो. हात चोळून गरम करा, बोट बदला, मिनिटभर थांबा आणि मग आकडा लिहा. श्वास मोजायचे ते पूर्ण एक मिनिट, माणसाला न सांगता.

टप्पा ७: पहिले चोवीस तास

क्रम बदलू नका.

पहिला तास. आजारी व्यक्तीला ठरलेल्या खोलीत न्या. त्याच खोलीतल्या बाकीच्यांना आहे तिथेच ठेवा आणि दोन दिवस लक्ष ठेवा. ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे: घाबरून खोलीतल्या चौघांना चार वेगळ्या खोल्यांत टाकायचं आणि आजार घरभर पोहोचवायचा. खाटांमध्ये किमान एक मीटर अंतर करा, जमलं तर दोन.

दुसरा ते चौथा तास. टप्पा ४ मधले गट लागू करा. जेवणाची पंगत, भजन, टीव्हीचा हॉल, फिजिओथेरपी बंद, ताटं खोलीत. डॉक्टरांना कळवा. एक वही उघडा: नाव, खोली, पहिलं लक्षण कोणत्या तारखेला किती वाजता, तापमान, ऑक्सिजन, लघवी झाली का, काय तपासणी केली. शेवटी आणखी एक रकाना ठेवा: आदल्या दोन दिवसांत त्यांचं काम कोणी केलं. साथीचा धागा बहुतेक वेळा याच रकान्यात सापडतो.

बारा तासांच्या आत. गावात प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, यांना कळवा. "बदनामी होईल" म्हणून लपवणारे पुष्कळ आहेत. कळवलं तर नमुने तपासले जातात, पाणी तपासलं जातं. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी कळवण्यापेक्षा पहिल्या दिवशी आपण कळवलेलं केव्हाही चांगलं.

चोवीस तासांच्या आत. डॉक्टरांच्या सल्ल्याने नमुने पाठवा आणि सगळ्या नातेवाइकांना एकच मजकूर पाठवा. रिपोर्ट आल्यावर वेगळं ठेवू, असं म्हणू नका. वेगळं ठेवून मग रिपोर्टची वाट बघा.

*तपासा:* हातमोजे, एप्रन काढायचा क्रम खोलीच्या दारावर आतून लावला आहे का? आधी हातमोजे, मग एप्रन, हात धुणं, चष्मा, शेवटी मास्क आणि पुन्हा हात. संसर्ग घालताना होत नाही, काढताना होतो.

टप्पा ८: आजारानुसार बदल

उलट्या-जुलाब. नोरोव्हायरससारख्या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं, चाळीस ते साठ सेकंद. उलटीवर आधी वर्तमानपत्र टाका, त्यावर १ टक्क्याचं पाणी ओता, दहा मिनिटांनी कडेकडून मध्याकडे गोळा करा. झाडू मारू नका, शिंतोडे उडतात. मास्क लावा.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवायचं. ग्लासभर पाण्यात पूर्ण पाकीट घालून पाजलेलं मी पाहिलं आहे. त्यात मीठ फार होतं आणि ते धोक्याचं आहे. तयार पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. त्याच फोनमध्ये लघवीच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन थांबवायच्या का, हेही विचारा. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना लघवीच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या तशाच चालू राहिल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो, आणि मेटफॉर्मिन अंगात साठू शकतं. जुलाब थांबवायची गोळी मनाने देऊ नका.

टाकीच्या पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते दाखवणारी चाचणी) करून घ्या. टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकली असं सांगितलं तरी शेवटच्या नळाला क्लोरीन पोहोचतो का, ते बघणं महत्त्वाचं. आणि माठ: एकाच ओगराळ्याने सगळे पाणी घेत असतील तर माठ बंद करा, नळाचं भांडं ठेवा.

ताप-खोकला. मास्क आणि उघड्या खिडक्या, हे सगळ्यात आधी. फ्लूचं ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून डॉक्टरांना उशिरा बोलावू नका. निरोगी सोबत्यांना ते प्रतिबंधक म्हणून द्यायचं का, हेही त्याच भेटीत विचारा. नेब्युलायझर (औषधाचा फवारा श्वासातून देणारं यंत्र) हॉलमध्ये लावू नका, वेगळ्या खोलीतच. दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला असेल तर थुंकीची क्षयरोग तपासणी करून घ्या. साथ फ्लूची म्हणत राहतो आणि एखाद्या आजोबांचा टीबी तसाच राहून जातो.

खरूज. हिला साथ मानतच नाहीत आणि म्हणून ती वर्षभर हटत नाही. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. त्यामुळे ज्याला खाज आहे त्यालाच मलम लावून भागत नाही. डॉक्टर परमेथ्रिन लिहून देतील तेव्हा सगळ्या रहिवाशांनी आणि त्यांना हात लावणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांनी एकाच रात्री लावायचं. बोटांच्या बेचक्या, नखांखाली, बेंबी, स्तनांखाली, आणि वृद्धांमध्ये डॉक्टरांना विचारून डोकं-चेहराही. आठ ते चौदा तासांनी आंघोळ, आठवड्याने पुन्हा तेच. रात्री मावशींनी कोणाचे हात धुतले तर पुन्हा मलम लावायचं. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. खाज त्यानंतरही दोन-चार आठवडे राहते, म्हणून घाबरून रोज मलम चोपडू नका.

टप्पा ९: वेगळं ठेवलेल्या माणसाचं काय

वेगळ्या खोलीत पडलेल्या आजी खाणं सोडतात. आजारापेक्षा त्याने जास्त खचतात. दिवसातून दोन वेळा ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, चष्मा आणि कानाचं यंत्र सोबत, भिंतीवर मोठ्या अक्षरांत तारीख, दर दोन तासांनी कोणीतरी पाणी विचारायला जाणं, एवढं तरी कराच. शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाला भेटायला एका नातेवाइकाला मास्क-एप्रन घालून आत येऊ द्या. साथ आहे म्हणून हे नाकारू नका.

विस्मरणाचा आजार असलेले आजोबा खोलीत थांबत नाहीत. त्यांना बांधू नका, बाहेरून कडी लावू नका. त्यांच्यासोबत एक माणूस द्या, त्यांना मोकळी मार्गिका द्या आणि त्यांच्या हाताला लागणाऱ्या कड्या-कठडे जास्त वेळा पुसा.

टप्पा १०: साथ संपली, हे कधी म्हणायचं

उलट्या-जुलाबाच्या रुग्णाला लक्षणं थांबल्यावर आणखी ४८ तास वेगळं ठेवा. कर्मचाऱ्यालाही हाच नियम, आणि स्वयंपाकघरातल्या माणसाला तर काटेकोरपणे. फ्लूमध्ये शेवटचा नवा रुग्ण सापडल्यापासून किमान सात दिवस खबरदारी चालू ठेवा. दोन दिवस नवा रुग्ण नाही म्हणून पंगत सुरू केली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

मग पडदे, गाद्यांवरची रबरी शीट (मॅकिंटॉश), व्हीलचेअरची चाकं, मोबाइल, किल्ल्या यांची सफाई. पेटी त्याच दिवशी पुन्हा भरा. आठवड्याच्या आत सगळ्यांना एकत्र बसवा आणि रात्रपाळीच्या मावशींना सगळ्यांच्या आधी बोलू द्या. आमच्या त्या पहिल्या साथीनंतर आम्ही तसं बसलो तेव्हा ज्यांनी फरशी पुसली होती त्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, हातमोजे होते हो, पण कपाटाची किल्ली रात्री ऑफिसात असते." त्या दिवसापासून मी जिथे जाते तिथे साथीची पेटी वेगळ्या खोलीच्या दाराशी ठेवते, आणि तिला कुलूप लावू देत नाही.